आतून कडी

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका उघड्या दारात. दार सताड उघडं होतं, वर्गात पालक आणि मुलं मिळून कल्ला चालला होता, आणि हा विशीचा मुलगा चौकटीवर दोनदा टकटक करून बाहेरच उभा. कोणी ‘या’ म्हणेना, म्हणून तो आत येईना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, या की. दार उघडंच आहे."

"तरी विचारावं, बाई," तो म्हणाला.

चौथीची पालकसभा होती. आईवडील गेलेले, त्यामुळे धाकट्या बहिणीचा पालक म्हणून तोच आला होता. मी तिच्या गणिताबद्दल सांगत होते आणि त्याचं लक्ष माझ्या मागे, दाराकडे. आमच्या वर्गाचं दार उघडताना असं किंचाळायचं की नवीन माणूस दचकायचा. आम्हाला सवय झाली होती.

"बाई, एक पेन्सिल मिळेल का? मऊ असेल तर बरं."

मला वाटलं, मी सांगतेय ते लिहून घेणार. बरं वाटलं. तो पेन्सिल घेऊन सरळ दाराकडे गेला. बिजागरीच्या दोन पात्यांना जोडणारी लोखंडी सळी असते, ती त्याने वर उपसून काढली, तिच्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं, पुन्हा आत सोडली. मग खालच्या बिजागरीशी बसला.

"तेल घातलं की धूळ बसते," तो जमिनीवरूनच म्हणाला. "शिसं बरं. गुळगुळीत राहतं."

पहिल्या बाकावर त्याच्या बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "दादा! तू सभेला आलायस ना!"

"मग सभाच ऐकतोय. गणितात कच्ची आहेस, एवढं कळलं."

त्या दिवसापासून ते दार कधी वाजलं नाही. त्याचा तोटा असा झाला की मुख्याध्यापक मागे येऊन कधी उभे राहिले हे आम्हाला कळेनासं झालं. शिपाई तर कितीतरी दिवस त्या मुलाच्या नावाने बोटं मोडत होता.

पोरांनी त्याचं नाव ‘टकटक’ पाडलं आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. सुताराचा मुलगा, स्वतः सुतार. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कडेला कामगारांच्या जुन्या घरांची एक गल्ली आहे, तिथे तो आणि बहीण राहायचे. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या वडिलांचा गाळा होता. पलंग, टेबलं तो करायचा, पण जीव सगळा दारांवर. "टेबलाला एकच बाजू, बाई, वरची," असं म्हणायचा. "दाराला दोन. आतल्या माणसाला वेगळं वाटतं, बाहेरच्याला वेगळं. दोघांचंही ऐकावं लागतं." लाकूड घेतानाही फळीवर टकटक करून कान लावायचा. वखारवाला चिडवायचा, "काय रे, घरात आहे का कोणी?"

लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, आधी तिचं होऊ दे. तिचं झालं. मुलगा बरा होता, बोलणं गोड होतं, आणि दुसऱ्या गावात त्याचा आणखी एक संसार होता. ते कळायला काही वर्षं गेली. ती एक पिशवी घेऊन भावाकडे परत आली. रडली नाही, भांडली नाही. फक्त घरातली सगळी कपाटं तिने उघडून पाहिली आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडून पाहिली. त्याने काही विचारलं नाही. विचारायची त्याची रीतच नव्हती. तो टकटक करणार आणि थांबणार.

त्याच सुमारास गल्लीत थोरल्यांचं प्रस्थ वाढायला लागलं.

थोरले म्हणजे आधीचे मीटरवाले. उभं आयुष्य घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेला माणूस. बारीक, स्वच्छ, आवाज कधी न चढवणारा. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून लोकांशी बोलायचा. म्हणायचा, "मी तुमच्या सगळ्यांच्या दारांमागे जाऊन आलोय. एकही घर असं पाहिलं नाही, जिथे माझी चाहूल लागल्यावर काहीतरी पटकन झाकलं गेलं नाही. माझ्यापासून झाकता, ठीक. देवापासून कसं झाकाल?" ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपण काय झाकलं होतं ते आठवायचं. त्यांचं सांगणं तेवढंच होतं: देवाच्या नजरेआड काही नको. जे झाकलंय ते सडतं.

नवऱ्याने फसवलेल्या बाईला हे पटलं नसतं तरच नवल.

"दादा," एक दिवस ती म्हणाली, "आपलं दार काढ."

"दुरुस्तीला?"

"कायमचं. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

त्याला यातलं काही पटलेलं नव्हतं. पण परत आल्यापासून तिने काही मागितलं असेल तर ते हेच पहिलं. त्याने पेचकस घेतला आणि वडिलांनी केलेलं दार उतरवलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, "आमचंही काढून दे." वर्ष संपायच्या आत त्या गल्लीत एकाही घराला दार राहिलं नाही. आमच्याकडे लोक त्यांना ‘उघडे’ म्हणायला लागले आणि त्यावर व्हायचे तेवढे विनोद झाले. "उघडे म्हणजे कपडे तरी घालतात ना?" असं आमच्या दूधवाल्याने विचारलं, तेव्हा मीसुद्धा हसले होते.

दारांपाठोपाठ पडदे गेले. मग कपाटांची दारं, पेट्यांची झाकणं. रोज संध्याकाळी गिरणीच्या पटांगणात ‘उघडणी’ व्हायची: प्रत्येकाने उभं राहून दिवसभरात मनात काय आलं ते सांगायचं. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की झोपलेला माणूसही काहीतरी लपवत असतो.

दर आठवड्याला माझ्याकडे पुस्तकं बदलायला येणारी टकटकची बहीण यायची थांबली, म्हणून एका दुपारी मीच गेले. ऊन रणरणत होतं. चौकटी तशाच होत्या, आत सरळ घरं दिसत होती: चूल, पलंग, वाळत घातलेले कपडे, न्हाणीच्या गुडघाभर भिंती. आवाज नव्हता. एका घरात एक म्हातारे गृहस्थ वामकुक्षी घेत होते आणि त्यांच्या पायथ्याशी एक बाई मांडी घालून बसली होती. घरातलीच असेल, असं वाटलं. पुढच्या घरात एक लेकुरवाळी झोपली होती आणि तिच्या उशाशी एक माणूस उभा. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, टक लावून, दळणाची पाळी यावी तसा शांतपणे. त्याने माझ्याकडे मान वळवली आणि हसला. त्या पाळीवर असलेल्यांना ते ‘जागते’ म्हणत.

बहिणीच्या चौकटीशी मी सवयीने टकटक केली. आतून ती उठली, आणि तिच्याबरोबर भिंतीला टेकून बसलेल्या दोन बायकाही उठल्या.

"बाई, या ना," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"किती दिवसांत आली नाहीस गं."

ती काही बोलायच्या आत एका बाईने माझ्या पर्सवर हात ठेवला. अगदी मायेने. "यात काय आहे, ताई?"

"किल्ल्या. चष्मा. काही नाही विशेष."

"मग बंद कशाला?" असं म्हणून तिने चेन उघडली, एकेक वस्तू बाहेर काढून ओळीने मांडली आणि समाधानाने म्हणाली, "बघा, किती हलकं वाटतं."

बहीण माझ्याकडे बघत होती. मी चष्मा उचलला तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "बाई, तुमच्या घरी दुपारी झोप लागते?"

"लागते की."

"छान," ती म्हणाली. पलीकडच्या बाईने लगेच विचारलं, "काय छान? मनात काय आलं?"

मी घरी येऊन दार लावलं आणि खुर्ची सरकवून दाराला लावून ठेवली. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढचं मला त्या दोघांकडून कळलं. टकटककडून बरंचसं आणि तिच्याकडून थोडं, तेही कितीतरी दिवसांनी.

टकटक गल्लीत होता तो फक्त तिच्यासाठी. त्याला काम उरलं नव्हतं. दारं करणाऱ्याला त्या गल्लीत कोण विचारणार? उघडणीत उभा राहून तो रोज काहीतरी किरकोळ सांगायचा. आज वखारवाल्याचा राग आला. आज जेवताना मीठ कमी वाटलं आणि बोललो नाही. लोक मान हलवायचे. त्याच्याजवळ खरी एकच लपवलेली गोष्ट होती. काढलेली सगळी दारं जाळून टाक, असं थोरल्यांनी त्याला सांगितलं होतं. जाळली, असं त्याने सांगितलं. आणि ती सगळी त्याने गिरणीच्या मागच्या पडक्या गोदामात ओळीने उभी करून ठेवली होती, प्रत्येकाच्या बिजागऱ्या त्याच्या त्याच्या कडीला बांधून.

"का रे ठेवलीस?" मी नंतर विचारलं.

"माणसं बदलतात, बाई. मग नवीन दार करायला लाकूड कुठून आणायचं?"

एके दिवशी थोरल्यांनी त्याला बोलावून चक्क एक दार करायला सांगितलं. गिरणीच्या जुन्या सभागृहामागच्या बोळात धान्याची कोठी होती, खिडकी नसलेली. उंदीर फार झालेत म्हणाले, घट्ट दार हवं, कडी बाहेरून. उंदरांना देव बघतोच, पण धान्य माणसांना पुरलं पाहिजे, असा एक विनोदही केला.

टकटकने विचारलं नाही. त्याने जुनं, मुरलेलं लाकूड काढलं, रंधा लावला. "गुणगुणत होतो हो मी," हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता. "इतक्या दिवसांनी काढायचं नव्हतं, करायचं होतं." फट राहू दिली नाही. सळ्यांना शिसं घासलं. दार कुठल्या बाजूला उघडायचं, असं त्याने विचारलं तेव्हा तिथे जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दार कसं असतं तेच ते विसरले होते. शेवटी कोणीतरी म्हणालं, "बोळ अरुंद आहे, आत उघडू दे." दार आत उघडायचं तर बिजागऱ्याही आतल्या बाजूला येतात. तशा त्याने बसवल्या. त्यात त्याची काही चलाखी नव्हती. कोठीचं दार ते, आत ज्वारी-तांदूळ असणार.

चार दिवसांनी उघडणीत त्याच्या बहिणीला विचारलं गेलं. तिला कोणीतरी गिरणीच्या मागून येताना पाहिलं होतं.

"काय बघून आलीस?" थोरल्यांनी विचारलं.

ती खोटं बोलली नाही. "बघितलंय एक. पण सांगणार नाही."

थोरले उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टकटककडे बघून म्हणाले, "हिच्या आतलं एक दार बंद आहे. ते उघडेपर्यंत बाहेरचं बंद राहील." मग तिला दोन बायकांनी हाताला धरून बोळातून नेलं. आपण केलेलं दार लागताना टकटकने ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, आवाज झालाच नाही. इतकं ते छान बसलं होतं.

त्याला रोज त्या दाराबाहेर बसवायचे. सख्ख्या भावाचं ऐकेल म्हणून. बाजूला एक जागता. त्याने "उघड गं, सांगून टाक," असं म्हणायचं. आतून काही यायचं नाही. आधी तिला ताट आणि चमचा जायचा, मग अर्धं ताट, मग नुसतं पाणी. एक चमचा आतच राहिला. "पोट रिकामं झालं की मनही रिकामं होतं," थोरले म्हणाले. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. शेजारीण तर टकटकला म्हणाली, "भाग्यवान आहे हो तुमची बहीण, एवढे जण थांबलेत तिच्यासाठी."

तो माझ्याकडे आला. दार उघडंच होतं. दोनदा टकटक केली. मी त्याला बसवलं आणि स्वतः पोलीस चौकीवर गेले. एक हवालदार माझ्याबरोबर बोळापर्यंत आला, टकटकही मागोमाग आला. गल्लीतल्या कोणी अडवलं नाही, उलट पाणी विचारलं. हवालदाराने दारावर काठी आपटली. "बाई, तुम्हाला कोंडलंय का?"

आतून तिचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मी माझ्या मर्जीने बसलेय."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "सज्ञान आहे ना ती?" असं म्हणून तो निघून गेला. टकटकचा चेहरा मी विसरणार नाही. दाराच्या आत कोण आहे तेच कळेनासं झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी त्याने बाहेर बसून एक वेगळंच बोलणं काढलं. "बाईंच्या वर्गातलं दार आठवतं का गं?"

जागत्याने मान वर केली. "हे कशाला?"

"लहानपणचं आठवलं की माणूस मोकळं होतं," टकटक म्हणाला. "किंचाळायचं बघ ते. मग मी पेन्सिल मागितली."

आतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसू ऐकू आलं. "मला माहितीये, दादा. पहिल्याच दिवशी बघितलं."

टकटकच्या ध्यानात आलं. चमच्याच्या दांड्याने सळी वर सरकते, तीन सळ्या निघाल्या की कडी बाहेरून कितीही लागलेली असो, दार दुसऱ्या अंगाने उघडतं, हे तिला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. मग ती आत का बसली आहे?

त्या दुपारी जागता म्हणून एक म्हातारबुवा होते. जागता म्हणवणाऱ्यालाच डुलकी लागली. दाराचं बिजागरीकडचं अंग बोटभर आत सरकलं आणि फटीत बहिणीचा एक डोळा आणि अर्धा गाल दिसला.

"ये," तो ओठांनीच म्हणाला. "ये पटकन."

"काय लपवतेय विचारत होतास ना? तुझी दारं, दादा. गोदामात. मी बघितली. आपलंही बघितलं. हात लावला."

"मग सांगून टाकायचं! जळू देत! तू उपाशी बसलीयेस त्यासाठी?"

"फक्त त्यासाठी नाही."

"मग?"

फटीतला डोळा मिटला. "इथे कोणी बघत नाही," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत इथेच मला झोप लागली. तू दार फार छान केलंस. फट नाही, काही नाही. मी बाहेर आले तर पुन्हा सगळे माझ्याकडे बघतील."

"मरशील अशाने."

"हो," ती म्हणाली, जणू त्याने ‘उशीर होईल’ म्हटलं होतं.

म्हातारबुवांनी घसा खाकरला. टकटक घाईघाईत फटीशी तोंड नेऊन एवढंच म्हणाला, "बाईंकडे वरची खोली आहे. आतून कडी आहे तिला. मीच लावलीये. उद्या गल्ली रिकामी होईल, तेव्हा जा." दार पुन्हा बसलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्याने उघडणी दुपारीच होती. टकटक आपली पाळी यायच्या आधीच उठून उभा राहिला. "दारं मी जाळली नाहीत," तो म्हणाला. "सगळ्यांची ठेवलीत. गोदामात आहेत. या, दाखवतो."

पटांगणच्या पटांगण उठलं. थोरले पुढे, मागे बायका, म्हातारे, कडेवरची मुलं, बोळातले जागतेसुद्धा. गोदामाचा पत्रा बाजूला केला आणि आत ती सगळी दारं, ओळीने, भिंतीला टेकवून. धुळीत उभी. मला वाटतं, टकटकने हे होईल असा विचार केला नव्हता. त्याला फक्त गल्ली रिकामी हवी होती. पण लोक थोरल्यांच्या तोंडाकडे बघायचे ते दारांकडे बघू लागले. माझ्या पर्समधलं ज्या बाईने मांडून ठेवलं होतं, ती पुढे झाली. तिने एका हिरव्या दारावर हात ठेवला. खाली, कमरेपेक्षा कमी उंचीवर, त्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, मुलाची उंची मोजलेल्या. "हे आमचं," ती म्हणाली. आणि दार आणि भिंत यांच्यामध्ये जी सांद होती, तिच्यात ती शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग आणखी एक जण गेला. मग ते वामकुक्षीवाले म्हातारे. थोडा वेळ गोदामात बाहेर माणसं कमी आणि दारांमागे जास्त, असं झालं. कोणी रडत होतं, पण कोण ते दिसत नव्हतं.

थोरल्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "बाहेर या," ते म्हणाले. कोणी आलं नाही. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, अगदी सावकाश, आणि पायाशी पडलेल्या भुशाला काडी लावली.

आत माणसं आहेत हे त्यांना दिसत होतं. हे मला टकटकने दोनदा सांगितलं. "बाई, त्यांना दिसत होतं."

जुनं कोरडं लाकूड ते. टकटकने दारं ढकलून पाडली, मागच्यांना हाताला धरून ओढून काढलं, म्हाताऱ्यांना तर पाठुंगळीला घेतलं. माणसं सगळी निघाली. दारं एकूण एक गेली. थोरले बाहेर मैदानात उभे राहून आगीकडे बघत होते आणि त्यांच्या आजूबाजूला, पहिल्यांदाच, मोकळी जागा होती.

मला तो धूर गच्चीतून दिसला. मी खाली येत होते, तेवढ्यात दारावर दोनदा टकटक झाली. मला वाटलं, तोच. उघडलं तर ती. ओठ फुटलेले, भिंतीचा चुना अंगभर, उन्हाने डोळे किलकिले. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी ती हलकेच उघडली तर आत तीन सळ्या. तळहाताला शिशाचा काळा डाग.

"बाई," ती म्हणाली, "खोलीला आतून कडी आहे?"

"आहे."

"तुम्ही वर येणार नाही ना?"

"तू बोलावलंस तर येईन."

ती जिना चढून गेली. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. टकटक संध्याकाळी आला, भुवया जळालेल्या, हाताला फडकं गुंडाळलेलं. तो आधी बोळात गेला होता. कडी बाहेरून तशीच लागलेली होती आणि दुसऱ्या अंगाने दार मोकळं, आत कोणी नाही. ती माझ्याकडे आली की आणखी कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. मी बोटाने वर दाखवलं, तेव्हा तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

थोरल्यांवर खटला झाला. साक्ष द्यायला गल्लीतले निम्मेच आले. बाकीचे अजून म्हणतात की आग आपोआप लागली. काही घरांना आता पडदे आहेत, काहींना दारं. ती टकटकच करतो. हिरव्या दारवाल्या बाईने त्याला सांगितलं, दार कसलंही कर, फक्त रेघा ओढता येतील असा रंग लाव. अजूनही दोन-चार घरांत कोणाला दार नको आहे. तिथेही तो चौकटीवर टकटक केल्याशिवाय आत जात नाही.

तो माझ्याकडेच राहतो, जिन्याखालच्या खोलीत. सकाळी बहिणीचं ताट वर नेतो, दोनदा टकटक करतो, थांबतो. कधी ती उघडते, दोघं थोडं बोलतात, कोणत्या घराचं काम चाललंय वगैरे. पुष्कळदा उघडत नाही. मग ताट उंबऱ्याशी ठेवून तो खाली येतो आणि आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतो. मी एकदा म्हटलं, माझ्यापाशी बसत जा. "बसेन की," तो म्हणाला. बसला नाही. तिच्यावर रागावलायस का, असंही मी विचारलं. तो म्हणाला, "तिला झोप लागते, बाई. रागवायचं कशाला?"

एवढी दारं करतो, पण त्याच्या स्वतःच्या खोलीला दार नाही. वरची कडी निघाली तर ऐकू यावी म्हणून त्याने ते लावलेलं नाही.